एंजलफिश कोरल पुन्हा पुन्हा कुरतडतोय : कारण कसं ओळखायचं आणि कायमचं कसं थांबवायचं

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, फ्लेम, कोरल ब्यूटी किंवा लेमनपील जातीचा एंजल मासा सोडला. पहिले काही महिने त्याने कोरलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके दिवशी भर दुपारी ट्रॅकिफिलिया हे मांसल कोरल मिटलेलं दिसतं, ट्रायडॅक्ना शिंपल्याचा मँटल (बाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा) आत ओढलेला असतो, झोअँथिड्सचा (गुच्छाने वाढणाऱ्या फुलासारख्या कोरलचा) अर्धा गुच्छ बंद असतो. कोरल दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं की आठ-दहा दिवस छान उघडतं. नंतर पुन्हा तेच. मग लाइट कमी करून बघितला जातो, फ्लो बदलला जातो, पाणी बदललं जातं, आणि पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून सुरुवात.

जागा बदलल्यावर थोडे दिवस बरं का वाटतं, हे आधी समजून घ्या. एंजल दिवसभर ठरलेल्या वाटेने फेरे मारतो: हा कडा, ती कपार, मागची बाजू, परत पुढे. कोरल त्या वाटेतून बाजूला गेलं की तेवढ्यापुरतं सुटतं. नवी जागा फेऱ्यात आली की चोच मारणं पुन्हा सुरू होतं. म्हणजे तुम्ही कोरल हलवलंत, कारण जागच्या जागीच राहिलं. आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. दिवसभर चरायची सवय असलेल्या माशाला टँकमध्ये चरायला काही उरलेलं नसतं. बाकीची कारणंही आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी चोर पक्का करा

बंद कोरल दिसलं की दोष एंजलच्या माथी मारला जातो, पण तो दर वेळी खरा नसतो. पाण्याची अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा (ती मोजायचं एकक) जास्त वरखाली होत असेल, तरी एलपीएस कोरल, म्हणजे मोठ्या पॉलिपचं (कोरलच्या एकेका जिवाचं) दगडी कोरल, अंग चोरतं. शेजारच्या गॅलेक्सिया किंवा युफिलिया कोरलचे लांब स्वीपर टेंटॅकल (डंख मारणारे धागे) रात्री पोचत असतील, तर सकाळी एकाच बाजूची टिश्यू (कोरलचा जिवंत मांसल थर) सोललेली दिसते. पेपरमिंट श्रिंप आणि काही खेकडे रात्री कोरलच्या तोंडातलं अन्न उपसून काढतात. झोअँथिड्सवर सनडायल गोगलगाय किंवा त्यांच्याच रंगाचे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई) असू शकतात. ट्रायडॅक्नाच्या तळाशी किंवा शिंपल्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगाई चिकटलेल्या असतात आणि त्या रात्रीच बाहेर येतात. म्हणून लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन एकदा सगळं नीट बघा. लाल उजेडात बरेच निशाचर प्राणी दचकून पळत नाहीत.

‘रात्री कोरल उघडतं, म्हणजे दिवसा मासाच त्रास देतोय’ हा तर्क अर्धाच बरोबर आहे. एंजल रात्री कपारीत झोपतात हे खरं. पण बरीच एलपीएस कोरल एरवीही रात्रीच खाण्याचे टेंटॅकल बाहेर काढतात. दिवसा मांसल भाग किती फुगतो, यावरूनच निकाल द्यायचा.

सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे टोपली. एक सेंटीमीटरच्या आसपास भोकं असलेली, रंग न सोडणारी प्लास्टिकची साधी टोपली घ्या. गरम पाण्याने धुवा, साबण लावू नका. ती कोरलवर उपडी घाला. टोपलीच्या भिंती आणि कोरल यांच्यात सगळीकडून किमान ५ सेंमी अंतर हवं, कारण फुगल्यावर टिश्यू भिंतीला घासली तर नवीच जखम होते. टोपली हलू नये म्हणून कडेवर लाइव्ह रॉकचे (सूक्ष्मजीव वसलेल्या सच्छिद्र दगडाचे) दोन तुकडे ठेवा. तीन दिवस तशीच राहू द्या. भोकांवर शेवाळ किंवा गाळ साचला तर आतला प्रवाह मंदावतो, तेव्हा रोज एकदा ब्रश फिरवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोरल भर दुपारी टोपलीखाली फुगलेलं दिसलं, तर माशावरचा संशय पक्का झाला. तीन दिवसांनीही मिटलेलंच असेल, तर एंजलला सोडा आणि पाण्याकडे वळा: खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २६ अंश, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास, मॅग्नेशियम १३०० ते १३५०. टोपलीखाली लाइट थोडा कमी पडतो. त्यामुळे कोरल अर्धवट उघडलं आणि निकाल धूसर वाटला, तर चाचणी दोन दिवस लांबवा.

टोपली काढल्यावर फोन स्टँडवर लावून चित्रीकरण करा. टँकसमोर उभं राहून निरीक्षण करण्यात अर्थ नाही. माणूस दिसला की एंजल काचेपाशी येऊन खायला मागतो आणि त्याचं खरं वागणं दिसतच नाही. तासाभराच्या तीन फिती पुरतात: लाइट लागल्यानंतरचा पहिला तास, दुपारी शेवटचं खाणं होऊन बराच वेळ झालेला असताना एक, आणि लाइट बंद होण्याआधीचा तास. तिन्हींतली पंधरा-पंधरा मिनिटं नीट पाहून दोनच गोष्टी मोजा: दगडावर किती टोचे पडले आणि कोरलवर किती.

टोचण्याचे प्रकार वेगळे, उपायही वेगळे

एंजलचे दात बारीक, लवचीक आणि दाट रांगांत असतात. दगडावरून शेवाळाचा थर खरवडायला ते उत्तम. पोमॅकॅन्थस वंशातल्या मोठ्या एंजलच्या खालच्या जबड्यात तर एक जास्तीचा सांधा असतो. त्यामुळे जबडा पुढे काढलेला असतानाच तो मिटता येतो आणि पकडलेला तुकडा मागे ओढून तोडता येतो. निसर्गात हेच हत्यार स्पंज आणि ट्युनिकेट (दगडाला चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी) उपटायला कामी येतं. एम्परर किंवा ब्लूफेसने घेतलेला लचका आणि छोट्या सेंट्रोपायगीने (फ्लेम, कोरल ब्यूटी, लेमनपील याच वंशातले) केलेलं खरवडणं यांत म्हणूनच फरक दिसतो. पहिल्यात खळगा पडतो आणि कधी पांढरा सांगाडा उघडा पडतो. दुसऱ्यात टिश्यू शाबूत असते, पण कोरल कायम दचकलेलं असतं.

फिती पाहताना तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

पहिली, चव घेणं. मासा दगड टोचत टोचत येतो, वाटेत कोरलला एक-दोनदा चोच लावतो आणि पुढे जातो. त्याला कोरलवरचा चिकट स्राव, त्यात अडकलेला गाळ किंवा अन्नाचे कण हवे असतात. टिश्यूत त्याला रस नसतो. हा प्रकार हमखास आटोक्यात येतो.

दुसरी, अन्नचोरी. तुम्ही ट्रॅकिफिलिया किंवा अकान कोरलला मायसिस (कोळंबीसारखे बारीक प्राणी) भरवता आणि मासा ते तोंडातून उकरून काढतो. उकरताना तोंडाच्या कडा फाटतात. दोन-तीनदा यश मिळालं की तो कोरल म्हणजे खाऊचा डबा समजतो आणि आत काही नसतानाही उघडून बघत राहतो. चांगल्या चालणाऱ्या टँकमध्ये अचानक सुरू झालेली कुरतड बऱ्याचदा इथूनच येते, आणि दुर्दैवाने ती मालकाच्याच हौसेतून सुरू होते.

तिसरी, चटक. मासा दगड सोडून थेट कोरलकडे जातो, तिथेच थांबतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा चावतो. दर चार टोच्यांत एखादा तरी कोरलवर पडत असेल, तर चटक लागली आहे असं समजा. इथे उपाय करून बघावा, पण माशाला बाहेर काढायची तयारीही त्याच आठवड्यात सुरू करावी.

चरायला काय आहे?

रीफ टँक जितका ‘स्वच्छ’, तितकी ही समस्या जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. जोरात चालणारा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारं माध्यम, वर पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा, आणि दर रविवारी ब्रशने चकाचक केलेले दगड. अशा टँकमध्ये दगडावर शेवाळाची साय धरत नाही. सेंट्रोपायगीचं निसर्गातलं बरंचसं खाणं म्हणजे हीच साय, तिच्यातले सूक्ष्म जीव आणि गाळ. ते मिळालं नाही की उरलेली एकमेव चविष्ट गोष्ट म्हणजे कोरलवरचा स्राव. पोषकद्रव्यं शून्यावर गेलेल्या पाण्यात कोरलही अशक्त असतात, आणि अशक्त कोरलला एक टोचाही महागात पडतो.

नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम ठेवा. फॉस्फेट ०.०२च्या खाली जात असेल तर शोषक माध्यमाचं प्रमाण निम्म्यावर आणा, दोन आठवड्यांनी मोजा, मग पुढचा बदल करा. माध्यम एकदम काढून टाकू नका. फॉस्फेट झटकन चढलं की एसपीएस (बारीक पॉलिपची दगडी) कोरल तपकिरी पडतात आणि एक दुखणं घालवताना दुसरं येतं. पुढची काच सोडून बाकीच्या काचांवरचं शेवाळ राहू द्या. मागची काच हिरवी असली तर बघणाऱ्याला फार खटकत नाही, आणि माशासाठी ती दिवसभराची सोय असते.

त्याच्या जोडीला फिरते दगड ठेवा. हा उपाय कष्टाचा नाही, तरी फार थोडे लोक करतात. मुठीएवढे सच्छिद्र लाइव्ह रॉकचे चार तुकडे घ्या. तीन तुकडे सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा टँकच्याच पाण्याने भरलेल्या छोट्या डब्यात भरपूर उजेडाखाली, हलक्या प्रवाहात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यावर हिरवी-तपकिरी साय धरते. आठवड्यातून एकदा एक तुकडा टँकमध्ये, कोरलपासून लांब पण एंजलच्या फेऱ्याच्या वाटेवर ठेवा आणि आधीचा चरून साफ झालेला तुकडा परत उजेडाखाली न्या. सायच हवी, केसांसारखं लांब शेवाळ नको. लांब शेवाळ बहुतेक सेंट्रोपायगी खात नाहीत आणि त्याचे तुकडे टँकभर पसरतात. ब्रायोप्सिस किंवा फुगेरी व्हॅलोनिया ही हट्टी शेवाळं दिसलेला दगड या फेऱ्यात घेऊच नका.

खाण्याचं वेळापत्रक

दिवसातून एकदा भरपेट खाऊ घालून एंजल शांत राहत नाही. त्याचं पोट थोडं थोडं, सतत खाण्यासाठी बनलेलं आहे. साधारण ८ सेंमीच्या एका सेंट्रोपायगीसाठी असा दिवस चालतो:

सकाळी लाइट लागताच बिनमिठाची, बिनतेलाची, मसाला न लावलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद), ५ × ५ सेंमीचा तुकडा. काचेवरच्या क्लिपपेक्षा तो रबरबँडने चपट्या दगडाला गुंडाळून तळाशी ठेवलेला बरा, कारण मान खाली घालून खरवडणं हीच या माशाची खाण्याची रीत. काही एंजल पहिले चार-पाच दिवस नोरीला तोंड लावत नाहीत. तरी रोज ठेवा आणि संध्याकाळी उरलेली काढा.

दुपारपर्यंत ऑटोफीडरमधून १ मिमीचे स्पिरुलिना-युक्त पेलेट, दर दोन-अडीच तासांनी चिमूटभर. एंजलच्या वाट्याला दर वेळी सहा-आठ दाणे आले तरी पुष्कळ. फीडरच्या खाली तरंगती रिंग लावा, नाहीतर दाणे ओव्हरफ्लोमधून सरळ सम्पमध्ये जातात आणि खर्च होऊनही मासा उपाशी राहतो.

संध्याकाळी फ्रोझन: मायसिस, स्पिरुलिना खाऊ घातलेलं ब्राइन श्रिंप आणि स्पंज असलेलं एंजलसाठीचं मिश्रण, आळीपाळीने. चार-पाच मध्यम माशांच्या टँकला अर्धा क्यूब पुरतो. आधी आरओच्या पाण्यात वितळवून बारीक जाळीतून गाळून घ्या. ते पाणी टँकमध्ये ओतलं तर फॉस्फेट वाढतं.

दिवसातून एकदा तरी अन्न दगडाला चिकटलेलं मिळालं, तर कुरतड सगळ्यात लवकर कमी होते. कारण एंजलला पोटभर खाण्याइतकंच खरवडण्याचं काम हवं असतं. विकतचं पेस्टसारखं अन्न मिळतं, घरीही करता येतं. २०० मिली आरओ पाण्यात ३ ग्रॅम अगर-अगर पावडर (समुद्री शेवाळापासून केलेली, मिश्रण जेलीसारखं घट्ट करणारी) घालून दोन मिनिटं उकळा. ५० अंशांच्या आसपास गार झालं की त्यात १०० ग्रॅम कच्च्या कोळंबीचं किंवा शिंपल्याचं बारीक वाटण, १० ग्रॅम नोरीचा चुरा आणि एक चमचा स्पिरुलिना मिसळा. अगर ४० अंशांच्या खाली गेलं की घट्ट व्हायला लागतं, म्हणून वाटण आधीच खोलीच्या तापमानावर आणून ठेवा. फ्रीजमधून काढून थेट घातलं तर गुठळ्या होतात. मिश्रण खरखरीत, कोरड्या दगडाच्या खाचांत दाबून भरा आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. एक दगड दोन-तीन तास टँकमध्ये ठेवा आणि उरलेलं काढून घ्या. बाकीचे तुकडे डीप फ्रीजमध्ये टाकले तरी चालतात, पण अगर गोठून वितळलं की थोडं भुसभुशीत होतं. ते आधी वापरून संपवा.

एवढं अन्न वाढलं की पाण्यावर ताण येणारच. आठवड्याला १० टक्के पाणी बदला, स्किमर थोडा ओलसर (फेस पातळ येईल असा) चालवा आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट मोजा. हा हिशेब सांभाळणं शक्य नसेल, तर त्या टँकमध्ये एंजल ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘उपयोग होत नाही’ म्हणून वेळापत्रक मोडू नका. सुट्टीवर जाताना मात्र जपा. चार दिवस फक्त ऑटोफीडरवर सोडलेला एंजल परत आल्यावर कोरलवर दिसतो, आणि महिन्यांची मेहनत तिथे वाया जाते. ज्याच्यावर टँक सोपवाल त्याला नोरीचे तुकडे दिवसवार कापून, बांधून द्या.

सवय तोडण्यासाठी टोपली पुन्हा

खाणं सुधारलं तरी माशाची जुनी वाट तशीच राहते. म्हणून नवं वेळापत्रक सुरू केलं त्याच दिवशी त्रास होणारं कोरल १० ते १४ दिवसांसाठी टोपलीखाली घाला. कोरल बरं होतं, आणि माशाच्या फेऱ्यातून ती जागा निघून जाते. टोपली काढायची ती सकाळी नोरी ठेवल्यावर, पोट भरलेलं असताना. काढल्यावर लगेच एक फीत घ्या. पहिल्याच तासात मासा थेट तिथे गेला, तर आणखी एक आठवडा झाका.

कोरलला भरवायचं असेल तर दिवसा भरवू नका. लाइट बंद झाल्यावर तासाभराने, एंजल कपारीत गेल्यावर, पिपेटने एक-दोन मायसिस ठेवा आणि तळ कापलेली प्लास्टिकची बाटली वीस मिनिटं वरून ठेवा. बाटलीच्या तोंडातून पाणी खेळतं, पण श्रिंप आणि मासे सहजी आत जाऊ शकत नाहीत. अन्नचोरीने सुरू झालेली कुरतड एवढ्यावर बऱ्याचदा थांबते. पुन्हा सुरू होते ती कुणीतरी दिवसा भरवल्यामुळे.

नवीन कोरल टँकमध्ये टाकणं हीसुद्धा धोक्याची वेळ. प्रवासाने थकलेलं कोरल भरपूर म्यूकस (चिकट स्राव) सोडतं. एंजलला तो वास लगेच कळतो आणि पहिल्याच दिवशी तो चव घेतो. डिप करून (कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवून) झाल्यावर कोरल थेट टोपलीखाली ठेवा आणि पूर्ण उघडून एक आठवडा झाल्याशिवाय टोपली काढू नका. महागाचं फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) आणण्याआधी त्याच जातीचं साधं, स्वस्त फ्रॅग लावून बघणं शहाणपणाचं. एखादा एंजल झोअँथिड्सना वर्षभर हात लावत नाही आणि स्कोलिमिया मात्र दोन दिवसांत संपवतो.

मुळात कोणता मासा आणि कोणतं कोरल

काही जोड्या जमतच नाहीत, तिथे वर लिहिलेलं सगळं करूनही हाती काही लागत नाही. ट्रॅकिफिलिया, लोबोफिलिया, स्कोलिमिया, अकान, ब्लास्टोमुसा यांसारखी मांसल एलपीएस आणि ट्रायडॅक्ना सगळ्यात आधी बळी पडतात. झोअँथिड्स मधल्या फळीत येतात. सार्कोफायटॉन, सिन्युलारियासारखी चामडी सॉफ्ट कोरल बेचव असल्याने सहसा वाचतात. अक्रोपोरासारख्या एसपीएसचे पॉलिप टोचले जातात, पण वसाहत मोठी आणि वाढती असेल तर ती सहन करते. बोटाएवढं फ्रॅग मात्र टिकत नाही.

माशांमध्ये जेनिकँथस वंशातले एंजल, म्हणजे लामार्क, बेलस, वातानाबे, रीफसाठी सगळ्यात निर्धास्त. ते पाण्याच्या मध्यभागी तरंगता प्लँक्टन टिपतात, दगडाला फारसं तोंड लावत नाहीत. ४०० लिटरपेक्षा लहान टँक त्यांना पुरत नाही आणि वर झाकण लागतंच. बरेचसे खोल पाण्यातून येतात, म्हणून घेताना मासा शेपूट वर करून, डोकं खाली दाबून पोहत नाही ना, हे बघा. तसं दिसलं तर वर आणताना स्विम ब्लॅडरला इजा झालेली असू शकते. तो घेऊ नका.

सेंट्रोपायगीत फ्लेम आणि कोरल ब्यूटी बऱ्याच टँकमध्ये निभतात. लेमनपील आणि बायकलरबद्दल आम्ही मांसल एलपीएस असलेल्या टँकला ‘नको’ म्हणूनच सांगू. या सगळ्यांना किमान २०० लिटर आणि भरपूर कपारी असलेले दगड हवेत. रीगल आणि रॉक ब्यूटी हे स्पंजवर जगणारे. नव्या माशाला खायला लावणं हीच त्यांच्यातली मोठी अडचण असते. रीगलमध्ये पिवळ्या छातीचा, हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातला प्रकार राखाडी छातीच्या पॅसिफिक प्रकारापेक्षा लवकर खायला लागतो. एम्परर लहानपणी गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं घेऊन येतो आणि निरुपद्रवी वाटतो, पण तो ४० सेंमीपर्यंत वाढतो. वयात येताना त्याचं खाणंही वाढतं, आणि लहानपणी सोडलेली कोरल मोठेपणी सोडेल याची खात्री देता येत नाही.

कोणताही नवा एंजल रीफमध्ये सोडण्याआधी वेगळ्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे ठेवा, आणि पेलेट, नोरी, फ्रोझन या तिन्ही गोष्टी तो हातोहात खायला लागल्याशिवाय पुढे जाऊ नका. उपाशी एंजल रीफमध्ये सोडला की तो पहिलं जेवण कोरलवर करतो. रोगावरचे उपचारही याच टँकमध्ये. तांब्याचं औषध रीफमध्ये घातलं तर कोरल, श्रिंप, गोगलगाई सगळं मरतं, आणि छोट्या एंजलना ते एरवीही जपूनच, चाचणीकिटने रोज मोजत द्यावं लागतं.

बाहेर काढायची वेळ आली तर

सांगाडा उघडा पडला, कोरलच्या तोंडाभोवती खळगा झाला, ट्रायडॅक्नाचा मँटल दोन आठवडे पूर्ण पसरलाच नाही, किंवा टोपली काढताच मासा दोनदा थेट तिथेच परतला, तर वाट बघू नका. याउलट कोरल दिवसाचा बराचसा वेळ उघडं असेल आणि महिन्याकाठी नवी वाढ दिसत असेल, तर अधूनमधूनचे एक-दोन टोचे चालवून घ्या.

जाळीने पकडू नका. एंजलच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात, मागे वळलेला मजबूत काटा असतो. तो जाळीत अडकतो आणि ओढाताणीत मासा जखमी होतो. अडकलाच तर जाळी कात्रीने कापा, काटा सोडवत बसू नका. उघड्या हाताने धरलात तर तुम्हालाही लागेल.

पारदर्शक ॲक्रिलिकचा, अंदाजे ४० × २० × २० सेंमीचा सापळा घ्या, ज्याचं सरकतं दार दोऱ्याने वर बांधता येतं. आदल्या दिवसापासून बाकीचं सगळं खाणं बंद. पहिले तीन-चार दिवस दार वरच बांधून ठेवा आणि अन्न फक्त सापळ्याच्या आतल्या टोकाला द्या: नोरीचा तुकडा, शिंपल्याचं मांस. एंजल पहिल्या दिवशी दारातून डोकावतो, दुसऱ्या दिवशी अर्धा आत जातो. या टप्प्यावर दार टाकायचा मोह आवरा. अर्ध्यात दार आदळलं आणि मासा सुटला, तर तो आठवडाभर सापळ्याजवळ फिरकत नाही. शेपटीसकट पूर्ण आत, तोंड आतल्या टोकाकडे असेल तेव्हाच दोरा सोडा. दार वाळूत रुतणार नाही आणि खोबणीत अडकणार नाही, हे आधी रिकाम्या सापळ्यावर दहादा तपासून घ्या. सापळा पाण्यासकट उचला आणि मासा पाण्यातूनच दुसऱ्या भांड्यात जाऊ द्या.

मासा गेल्यावर एलपीएस कोरल एक ते तीन आठवड्यांत पूर्ण फुगायला लागतं. सांगाडा उघडा पडलेल्या जागी शेवाळ धरायच्या आत मऊ ब्रशने ती जागा हलकेच साफ ठेवा, प्रवाह मध्यम करा, आणि आठवड्यातून दोनदा रात्री झाकून भरवा. टिश्यूची कड सांगाड्यावर पुढे सरकताना दिसली की मगच पुढच्या माशाचा विचार करा. तोवर टोपली टँकजवळच असू द्या.